सेल लागायच्या आधीच रिसॉर्ट बुक केलं: जुलै ते डिसेंबरची हकीकत

१४ डिसेंबर २०२५ रोजी आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्यासाठी दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टमध्ये तीन रात्रींचं बुकिंग केलं. सेलची वाट पाहायची की आधीच पैसे भरून मोकळं व्हायचं, या एका प्रश्नावर आमच्या घरात पाच महिने खल झाला. आता बिल हातात आहे आणि सगळे आपापल्या घरी पोचलेत. कुणी अशाच विचारात अडकलं असेल तर उपयोग व्हावा म्हणून तारखा आणि आकडे आहेत तसे लिहिते आहे.

आम्ही फोंड्याचे. गोव्यात राहून गोव्यातल्याच रिसॉर्टला पैसे कशाला, असं बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण आमचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ठाण्याहून दादा-वहिनी आणि मुलं, कोल्हापूरहून ताईचं कुटुंब, सावंतवाडीचे मामा-मामी, बेळगावहून आत्या आणि तिचे यजमान, शिवाय आम्ही घरचे पाच, अशी सतरा माणसं. ती सगळी आमच्याकडे उतरली असती तर आई तीन दिवस ओट्यापुढून हलली नसती. तिच्याच लग्नाच्या वाढदिवसाला तिनं सतरा ताटं वाढावीत हे मला नको होतं. आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना त्यांना जमत नाही. म्हणून सहा खोल्या, त्यातल्या किमान तीन तळमजल्यावर, आणि समुद्र पायी जाण्याइतका जवळ, एवढ्याच अपेक्षा होत्या.

८ जुलैला मी कोलवा ते मोबोर या पट्ट्यातल्या चार रिसॉर्टना ईमेल पाठवली. दोघांनी उत्तर दिलं. एकाचं दुसऱ्या दिवशी आलं, दुसऱ्याचं नऊ दिवसांनी, तेही मी दोनदा फोन केल्यावर. फोनवर मी कोकणीतच बोलले. एक सल्ला देते: पाचपेक्षा जास्त खोल्या हव्या असतील तर रिसेप्शनवर न बोलता रिझर्वेशन किंवा सेल्सच्या माणसाशी बोला. रिसेप्शनवाले वेबसाइटवरचा दरच वाचून दाखवतात.

वेबसाइटवर १२ ते १५ डिसेंबरसाठी एका रात्रीचा दर ८,४०० होता, नाश्त्यासह, कर वेगळा. त्याच खोलीचा जुलैमधला दर होता ५,२००. हा फरक पाहून पोटात गोळा आला खरा, पण डिसेंबरचा गोवा आणि पावसाळ्याचा गोवा यांची तुलनाच होत नाही. पावसात समुद्रात उतरता येत नाही, किनाऱ्यावरचे शॅकही (खाण्यापिण्याच्या झोपड्या) पावसाळा संपल्यावरच उभे राहतात. उलट बाजूनं बघितलं तर आमची तारीख बरी होती. २० डिसेंबरच्या पुढे दर कुठल्या कुठे जातात आणि बऱ्याच ठिकाणी २४ आणि ३१ तारखेच्या जेवणाचे पैसे माणशी सक्तीनं बिलात येतात. चौदा तारीख त्याच्या आत बसत होती.

घरात दोन तट पडले. वहिनीच्या ऑफिसातल्या कुणाला नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये चाळीस टक्के सूट मिळाली होती, म्हणून ती म्हणाली, थांब. आमच्या ह्यांचं म्हणणंही तेच होतं, की पाच महिने आधी ॲडव्हान्सचे पैसे कशाला अडकवायचे. ताई म्हणत होती, करून टाक. मी मध्ये. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. पैसे सगळ्यांचे होते, निर्णय मात्र माझ्यावर सोपवलेला. जास्त भरले तर मी भोळी ठरणार, आणि खोल्या गेल्या तर समारंभच गेला असता.

मग एका रात्री वहीत दोन रकाने पाडले. एका बाजूला लिहिलं, काय बदलू शकतं. दुसरीकडे, काय बदलू शकत नाही. तारीख बदलत नाही. सहा खोल्या एकाच ठिकाणी, हे बदलत नाही. बाबांची तळमजल्याची खोली बदलत नाही. पहिल्या रकान्यात फक्त दर उरला. सेल नेमका त्या रिकाम्या खोल्यांचा लागतो ज्या रिसॉर्टला खपवायच्या असतात, आणि त्या कुठल्या हे आपल्याला आधी कळत नाही. आम्ही दोघं नवराबायकोच जाणार असतो आणि तारीख मागेपुढे चालणार असती तर मी नक्की थांबले असते. वही मिटली तेव्हा एवढं ठरलं होतं की आता बुक करायचं, पण रद्द करता येईल अशाच अटीवर.

१९ जुलै, शनिवार. बाबांना घेऊन प्रत्यक्ष बघायला गेलो. बोरीचा पूल ओलांडून मडगावमार्गे, मुसळधार पावसात. फोटोत सगळंच छान दिसतं. तिथं गेल्यावर कळलं की ‘तळमजला’ म्हणजे व्हरांड्यापर्यंत चार पायऱ्या चढून जायचं, आणि रॅम्प फक्त एकाच बाजूच्या इमारतीला आहे. न्हाणीघरात पकडायला दांडा दोनच खोल्यांत होता. बाबांनी स्वतः रॅम्पवरून चालून पाहिलं, दांड्याला धरून पाहिलं, आणि मान हलवली. त्या दोन खोल्यांचे नंबर मी तिथल्या तिथे लिहून घेतले. घरात वयस्कर माणूस असेल तर ही फेरी चुकवू नका. स्वतः जाणं शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर दारापासून न्हाणीघरापर्यंत चालत दाखवायला सांगा, नाही म्हणत नाहीत.

दराची बोलणी त्याच दिवशी झाली. सेल्सच्या बाईंनी सहा खोल्यांसाठी ७,७०० सांगितले. मी ७,४०० मागितले, आणि त्यामागे कारण होतं. एका रात्रीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर तेव्हा जीएसटी १२ टक्के होता, त्याच्या वर गेला की १८ टक्के. म्हणजे ७,७०० ची खोली करासह ९,०८६ ला पडते आणि ७,४०० ची ८,२८८ ला. रिसॉर्टनं तीनशे सोडले की आमचे आठशे वाचतात. हे कागदावर मांडून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘पळोवया’, म्हणजे बघूया. चार दिवसांनी होकार आला. पाचपेक्षा कमी खोल्या झाल्या तर हा दर लागू राहणार नाही, अशी अट घातली.

मग मी आणखी एक गोष्ट मागितली, जी मागायला मला सगळ्यात संकोच वाटत होता. ईमेलमध्ये लिहिलं: ‘आमच्या मुक्कामाच्या त्याच रात्रींसाठी, त्याच प्रकारच्या खोलीचा, नाश्त्यासह आणि रद्द करण्याच्या याच अटींवरचा दर तुमच्या वेबसाइटवर यापेक्षा खाली आला, तर फरक शेवटच्या बिलात वळता करावा.’ त्यांनी मान्य केलं, पण फक्त २१ नोव्हेंबरपर्यंत. खोल्या विनाशुल्क रद्द करण्याची मुदतही तीच होती, मुक्कामाच्या एकवीस दिवस आधी. हे सगळं फोनवर ठरलं असतं तर पुढे त्याला काही अर्थ उरला नसता. म्हणून प्रत्येक फोननंतर मी ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून दोन ओळींची ईमेल टाकत गेले.

पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी तपासल्या. गोव्यात खोट्या रिसॉर्टच्या आणि व्हिलांच्या नावानं पैसे उकळल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे हात थरथरतोच. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला, नाव-पत्ता जुळला. गोव्याचा क्रमांक ३० नं सुरू होतो, हे लक्षात ठेवायला सोपं. आणि खातं कंपनीच्या नावाचं चालू खातं आहे ना, हेही बघितलं. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले असते तर मी तिथेच थांबले असते. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवायचं असतं. २८ जुलैला एनईएफटीनं ३३,३०० भरले, म्हणजे करपूर्व १,३३,२०० च्या पंचवीस टक्के. पावती संध्याकाळी आली.

ऑगस्टमध्ये काही घडलं नाही. गणेश चवथीच्या गडबडीत विसरूनच गेले.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. ७,५०० पर्यंतच्या खोल्यांवर २२ सप्टेंबरपासून कर १२ वरून ५ टक्क्यांवर येणार होता. वरच्या खोल्यांना १८ च राहिला. आम्ही जुलैमध्ये ॲडव्हान्स भरलेला, मग आम्हाला जुना दर की नवा? दोन दिवस मी याच काळजीत होते. मैत्रिणीचा भाऊ सीए आहे, त्यानं समजावलं की मुक्काम नंतरचा आहे आणि मूळ बिलही नंतरच निघणार, तेव्हा आधी ॲडव्हान्स दिला असला तरी नवा दर लागेल. बिल आणि सगळे पैसे दोन्ही आधीच झाले असते तर जुना दर लागला असता. म्हणजे पूर्ण रक्कम एकदम न भरल्याचा असाही फायदा झाला. रिसॉर्टला ईमेल केली, सहा दिवसांनी उत्तर आलं: हो, ५ टक्के. सहा खोल्यांवर ९,३२४ रुपये कमी झाले. कुठल्याही सेलची वाट न बघता.

ऑक्टोबरमध्ये दोन कामं होती. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे ११ डिसेंबरच्या रात्रीच्या कोकणकन्येसाठी दादाला १२ ऑक्टोबरला सकाळी आठला बसावं लागलं. १ ऑक्टोबरपासून तेव्हा पहिली पंधरा मिनिटं फक्त आधार जोडलेल्या आयआरसीटीसी खात्यांनाच तिकीट काढता येत होतं. दादाचं खातं जोडलेलं नव्हतं, ते मी त्याला आठवडाभर आधी करायला लावलं. चारही तिकिटं कन्फर्म मिळाली. सेलच्या भरवशावर राहणाऱ्यांनी याचाही विचार करावा. नोव्हेंबरच्या शेवटी खोली स्वस्त मिळाली तरी दोन आठवड्यांवर आलेल्या गाडीचं तिकीट कुठून आणायचं?

दुसरं, दिवाळीचा सेल. त्याच रिसॉर्टच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत ‘२५ टक्के सूट’. धडधडत्या मनानं आमच्या तारखा टाकल्या. मूळ दर ११,२०० खोडलेला, त्याखाली ८,४००. जुलैच्या स्क्रीनशॉटशी ताडून पाहिलं, तोच आकडा. सूट खरी की खोटी हे कळायला जुना दर जपून ठेवण्याइतका दुसरा चांगला उपाय मला सापडला नाही. टक्के बघू नका, त्या तारखांचा करासकट शेवटचा आकडा बघा आणि तारीख घालून फोटो ठेवा.

याच सुमारास एका बुकिंग ॲपवर ‘या किमतीला फक्त २ खोल्या शिल्लक’ असं लाल अक्षरांत दिसलं आणि माझा जीव वर-खाली झाला. रिसॉर्टला फोन केला तर त्या प्रकारच्या अकरा खोल्या मोकळ्या होत्या. शिवाय ॲपवर पहिल्या पानावर दिसणारी रक्कम शेवटच्या पानावर पोचेपर्यंत हजारानं वाढत होती. अशी खोटी घाई करणं आणि किंमत टप्प्याटप्प्यानं उघड करणं हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहेत, आणि १९१५ वर तक्रार करता येते. मी केली. वयस्कर माणसं अशा घाईला बळी पडतात, म्हणून केली.

९ नोव्हेंबरला बेळगावहून फोन आला. आत्या अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाबांची ही एकुलती बहीण. आईबाबांच्या लग्नात करवली म्हणून मिरवलेली. ऑपरेशन नीट झालं, पण डिसेंबरमध्ये प्रवासाचं नावच नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रद्द करूया सगळंच. आत्यानंच फोनवर त्यांना दटावलं.

१२ नोव्हेंबरला मी एक खोली सोडत असल्याचं कळवलं. मुदतीत होतो, पैसे कापले नाहीत, आणि पाच खोल्या उरल्यानं दरही तोच राहिला. आज मागे पाहताना वाटतं, मी जुलैमध्ये खरेदी केली ती मुख्यतः रद्द करण्याच्या या मुभेची. रद्द करता न येणाऱ्या दरातली खोली असती तर त्या तीन रात्रींचे पैसे गेलेच असते.

आणि २४ नोव्हेंबरला तो सेल लागला. आमची मुदत संपून तीन दिवस झाले होते. दर ६,९००. नाश्ता नाही, पूर्ण रक्कम आधी, रद्द केल्यास काही परत नाही, आणि फक्त वरच्या मजल्यांवरच्या खोल्या. वहिनीनं लगेच लिंक पाठवली. मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. पाच खोल्या, तीन रात्री, रात्रीमागे पाचशे, म्हणजे साडेसात हजारांचा फरक दिसत होता. मी रिसॉर्टला विचारलंही. त्यांनी नम्रपणे नकार दिला: मुदत उलटली आहे आणि अटीही वेगळ्या आहेत. त्यांचं बरोबर होतं, लेखी तसंच ठरलं होतं. बदल्यात निघायच्या दिवशी, सोमवारी, खोल्या अकराऐवजी दोनला सोडायची परवानगी मागितली, ती दिली. दादाची परतीची गाडी संध्याकाळची, त्यामुळे तिचा खरंच उपयोग झाला.

१२ डिसेंबरला सगळे आले. गाडी तासभर उशिरा मडगावला लागली. चेक-इनला प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो ओळखपत्र लागतं. मामींचं सावंतवाडीलाच राहिलं होतं, भाच्यानं फोनवर पाठवलं तेव्हा काम झालं. लिहून घेतलेल्या त्या दोन खोल्यांपैकी एक दुसऱ्याच कुणाला दिली होती. ईमेल दाखवली आणि पंधरा मिनिटांत ती आम्हाला मिळाली.

शनिवारी नाश्त्याच्या वेळी एक साताऱ्याचं जोडपं भेटलं. त्यांनी सेलमध्ये ६,९०० नं घेतलं होतं, ठरवलं होतं आदल्याच आठवड्यात. नाश्ता माणशी ६०० म्हणून ते दोघं बाहेर जाऊन पातळभाजी-पाव खाऊन येत होते आणि मजेत होते. त्यांना तिसऱ्या मजल्यावरून समुद्र दिसत होता. त्यांच्यासाठी सेलच योग्य होता, हे मी वहिनीलाही सांगितलं. आमच्या पाच खोल्यांत मात्र रोज पंधरा माणसं नाश्ता करत होती.

रविवारी सकाळी मार्दोळला म्हाळसेच्या देवळात गेलो, दुपारी परत येऊन केक कापला. आत्या व्हिडिओ कॉलवर होती. तिनं बसल्या जागेवरून मंगलाष्टकाची एक ओळ म्हटली आणि बाबांना रडू आवरेना.

सोमवारी बिल: १५ खोली-रात्री, १,११,०००. कर ५,५५०. एकूण १,१६,५५०, त्यातून ३३,३०० वजा जाऊन ८३,२५०. पहिल्या छापील बिलात एका खोलीवर १८ टक्के कर लागला होता, तो दाखवून दुरुस्त करून घेतला. बिल ओळ न् ओळ वाचा, मागे रांग असली तरी. रिसॉर्टमधल्या जेवणावर मात्र १८ टक्केच द्यावे लागले. आदल्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलात एखाद्या खोलीचा दर ७,५०० च्या वर गेलेला असतो, तिथल्या रेस्टॉरंटला तोच दर लागतो. हे मला आधी माहीत असतं तर एक-दोन जेवणं बाहेर ठेवली असती.

पैसे भरून मी बाहेर आले तेव्हा बाबा रॅम्पवरून एकटेच खाली उतरत होते, समुद्राकडे. मी हाक मारली नाही.